न्यूमोनिया कोणाला होतो, कोण वाचतो

फुप्फुसांतल्या वायुकोशांत पू किंवा द्रव साचला की श्वासावाटे आत आलेला प्राणवायू रक्तापर्यंत पोचत नाही. या अवस्थेला न्यूमोनिया म्हणतात. ती घडवणारे जंतू अनेक आहेत: न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हे जिवाणू, तसेच गोवर, इन्फ्लुएन्झा आणि आरएसव्ही हे विषाणू. यांतले बहुतेक जगभर आढळतात. न्यूमोकॉकस तर धडधाकट मुलांच्या नाकाघशातही मुक्काम करून असतो. तरीही त्याच जिवाणूने एका ठिकाणी मूल दगावते आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढ्याच वयाचे मूल आठवडाभरात खेळायला लागते. या फरकाची कारणे मुलाचे घर, त्याचे पोषण, घरातली चूल आणि दवाखान्याचे अंतर यांत शोधावी लागतात, आणि या चारही गोष्टी समाजाच्या आर्थिक-सामाजिक घडणीवर ठरतात.

हा संबंध तपासताना दोन दर वेगळे ठेवले पाहिजेत: आजार होण्याचा दर आणि आजाराने मरण्याचा दर. ईगोर रुदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार, पाच वर्षांखालील मुलांना जगात वर्षाकाठी सुमारे १५ कोटी ६० लाख वेळा न्यूमोनिया होत होता. त्यांतले १५ कोटी १० लाख प्रसंग विकसनशील देशांतले होते, आणि एकट्या भारतातले ४ कोटी ३० लाख. विकसनशील देशांत दर शंभर मुलांमागे वर्षाला २९ वेळा हा आजार होत असे, विकसित देशांत ५ वेळा. फरक सुमारे सहापटीचा.

मृत्यूंतला फरक याहून फार मोठा आहे. अमेरिकेत १९९६ साली न्यूमोनियाने ८०० मुले मरण पावली. भारतात २०१० साली पाच वर्षांखालील सुमारे साडेतीन लाख मुले न्यूमोनियाने गेल्याचा अंदाज आहे. भारतातली मुलांची संख्या अमेरिकेच्या सहा-सात पट आहे हे लक्षात घेऊन भागाकार केला, तरी उरणारे अंतर सहापटीच्या जवळपासही येत नाही. काळाबरोबर झालेला बदलही असाच आहे. २००० ते २०१५ या काळात मुलांमधले न्यूमोनियाचे प्रमाण जगभरात सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मृत्यू मात्र १७ लाखांवरून ९ लाखांवर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आले. २०१९ साली ते ७ लाख ४० हजारांपर्यंत उतरले होते, आणि तेव्हाही पाच वर्षांखालच्या एकूण बालमृत्यूंत त्यांचा वाटा १४ टक्के होता.

आजार हळू घटतो आणि मृत्यू भराभर घटतात, याचे एक कारण जंतूंच्या स्वभावात आहे. आफ्रिका आणि आशियातल्या सात देशांत, गंभीर न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ६१ टक्के आजारांमागे विषाणू आढळले, आणि त्यांतही एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्क्यांच्या घरात होता. जिवाणूंविरुद्ध लस आहे, प्रतिजैविके आहेत; मोकळ्या घरांनी आणि चांगल्या पोषणानेही त्यांना बराच अटकाव होतो. आरएसव्हीला इतके सहज अडवता येत नाही. तो लंडनमधल्या तान्ह्या बाळालाही गाठतो आणि नंदुरबारमधल्याही. पण आरएसव्हीने होणाऱ्या बालमृत्यूंपैकी ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. संसर्ग दोन्हीकडे पोचतो. प्राणवायू आणि डॉक्टर दोन्हीकडे सारखे पोचत नाहीत.

गरिबी फुप्फुसापर्यंत कोणत्या वाटांनी पोचते, त्यांपैकी गर्दीची वाट सर्वांत जुनी आणि इतिहासात सर्वांत स्पष्ट नोंदलेली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या (थोडक्यात रँडच्या) सोन्याच्या खाणी विसाव्या शतकाच्या आरंभी जगातल्या सर्वांत संपन्न उद्योगांपैकी एक होत्या. तिथे काम करणारे काळे मजूर दूरदूरच्या खेड्यांतून आणलेले असत. त्यांना कुंपणबंद वसाहतींत, एकेका खोलीत डझनांनी, फळ्यांवर नाहीतर काँक्रीटच्या ओट्यांवर झोपवले जाई. खाणीच्या उष्ण, दमट तळातून वर आलेली माणसे थंड हवेत घामेजल्या अंगाने परतत. न्यूमोनियाने ती इतक्या संख्येने मरू लागली की १९११ साली खाणमालकांनी लंडनहून लसतज्ज्ञ आल्म्रोथ राइट यांना बोलावले. राइट यांनी हजारो मजुरांवर न्यूमोकॉकसच्या लसीचा प्रयोग केला; त्या लसीचा प्रभाव तोकडा होता. न्यासालँड (आजचे मलावी) आणि आसपासच्या उष्ण प्रदेशांतून आलेल्या मजुरांचे मृत्यू तर एवढे वाढले की १९१३ साली २२ अक्षांशाच्या उत्तरेकडून मजूर आणण्यावर बंदी घालावी लागली.

त्याच वर्षी विल्यम गॉर्गस हे अमेरिकी लष्करी डॉक्टर तिथे सल्ला द्यायला आले. पनामा कालव्याच्या कामावर त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. वेस्ट इंडीजमधून आलेले मजूर मोठ्या बराकींत राहत होते तोवर त्यांच्यात न्यूमोनियाचा कहर होता. बायकामुलांसह स्वतंत्र झोपड्यांत पांगून राहण्याची मुभा मिळाली आणि तो झपाट्याने ओसरला. रँडच्या खाणींनाही गॉर्गस यांनी हेच सुचवले: माणसे पांगवा, त्यांना कुटुंबासह राहू द्या. सल्ला साधा होता, पण खर्चाचा होता, आणि स्वस्त मजुरीची सारी व्यवस्थाच कुंपणबंद वसाहतींवर उभी होती. कुटुंबासह राहण्याची सोय बहुसंख्य मजुरांना मिळाली नाही. त्या वसाहती पुढे अनेक दशके चालू राहिल्या. १९७०च्या दशकात न्यूमोकॉकसच्या नव्या लसीची चाचणी घ्यायला अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट ऑस्ट्रियन यांना याच खाणी सोयीच्या वाटल्या, कारण न्यूमोनिया तिथे अजूनही मुबलक होता. आज जगभर वृद्धांना दिल्या जाणाऱ्या लसीचा पाया त्या मजुरांच्या आजारपणावर रचला गेला आहे. देशाच्या तिजोरीत सोने येते म्हणून ते काढणाऱ्याचे फुप्फुस सुरक्षित होते असे नाही, हे रँडइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

मुंबईत याच प्रकारचा पुरावा १९१८ साली मिळाला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएन्झाची दुसरी, प्राणघातक लाट शहरावर आली. दगावलेल्यांपैकी बहुतेक माणसे त्या तापापाठोपाठ झालेल्या न्यूमोनियाने गेली. महापालिकेच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची नोंद जातिधर्मवार ठेवली होती. हजार लोकांमागे युरोपियनांचे मृत्यू ८.३ होते, पारशांचे ९, सवर्ण हिंदूंचे १८.९, आणि ज्यांना नोंदवहीत खालच्या जातींचे हिंदू म्हटले होते, त्यांचे ६१.६. शहर एक, महिने तेच, विषाणूही तोच. या आकड्यांच्या मागे गिरणगावातल्या आणि गोदीलगतच्या एकखोली बिऱ्हाडांची गर्दी होती, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेल्याने महागलेले धान्य होते, आणि घरात सगळेच आजारी पडल्यावर पाणी द्यायलाही कोणी न उरल्याची हतबलता होती. जात आणि गरिबी यांची वीण इतकी घट्ट होती की दोन्हींचा परिणाम या आकड्यांतून वेगळा काढता येत नाही.

पोषणाचा परिणाम दुहेरी असतो. कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण असते, म्हणून आजार लवकर जडतो. आणि श्वासाचे स्नायूही अशक्त असतात, म्हणून श्वासाचा वाढलेला वेग ते मूल फार काळ पेलू शकत नाही. त्यात अशा मुलाला ताप आणि खोकला कधीकधी जेमतेमच असतो. घरच्यांना धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) भारतातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३२.१ टक्के कमी वजनाची आढळली. जन्मतःच वजन कमी असणे, पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध न मिळणे आणि आहारात जस्ताची कमतरता असणे यांनीही धोका वाढतो. हात धुण्यासारखी किरकोळ वाटणारी गोष्टही इथे मोजावी लागते. कराचीच्या झोपडवस्त्यांत साबणाने हात धुण्याची सवय लावल्यावर लहान मुलांतला न्यूमोनिया निम्म्यावर आल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. साबण, पाणी आणि ते दिवसातून अनेकदा वापरण्याची ऐपत, या तिन्ही गोष्टी उत्पन्नाशी बांधलेल्या आहेत.

चुलीच्या धुराचे प्रकरण मात्र वाटले होते तितके सरळ निघालेले नाही. सरपण आणि गोवऱ्यांच्या धुरातले सूक्ष्म कण श्वासनलिकेतल्या बारीक केसांचे झाडलोटीचे काम बिघडवतात आणि फुप्फुसातल्या भक्षक पेशींना निकामी करतात. याविषयी शंका नाही. धुराच्या घरात न्यूमोनिया अधिक होतो, हे अनेक पाहण्यांत दिसले होते. मग प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. ग्वाटेमालात कर्क स्मिथ यांनी धुराडे असलेल्या चुली बसवल्या. २०११च्या त्यांच्या निष्कर्षांनुसार डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात ठाम म्हणावी अशी घट आली नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. मलावीत सुधारित चुलींनी काहीच फरक पडला नाही, असे २०१७ साली दिसले. पुढे भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत घरांना थेट गॅस पुरवून चाचणी झाली. भारतातली गावे तमिळनाडूतली होती. घरातला धूर पुष्कळ घटला, तरी तान्ह्या मुलांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक पडला नाही, हे २०२४ साली जाहीर झाले.

या निकालांचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा घेणे चूक ठरेल. शेजारच्या दहा चुली, जाळलेला कचरा आणि रस्त्यावरची धूळ एका घरातल्या सिलिंडरने हटत नाहीत. शिवाय धूर असलेले घर बहुधा गर्दीचे, अपुऱ्या अन्नाचे आणि दवाखान्यापासून दूरचे असते. आधीच्या पाहण्यांत या साऱ्यांचा दोष काही अंशी धुराच्या माथी मारला गेला असणे शक्य आहे. भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे चौथ्या पाहणीत (२०१५-१६) ४३.८ टक्के होती, पाचवीत ५८.६ टक्के झाली; २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचा त्यात मोठा हात आहे. स्वयंपाक करणाऱ्या बाईचे डोळे, तिची छाती आणि सरपणाच्या भाऱ्याखाली मोडणारी कंबर यांसाठी हा बदल हवाच होता. बालन्यूमोनियाच्या घटीचे श्रेय एकट्या त्याला देता येत नाही, एवढेच.

श्रीमंत देशांतला न्यूमोनिया कशाने ओसरला, यावरही असाच वाद झाला. इंग्लंड आणि वेल्समधले संसर्गजन्य आजारांचे मृत्यू प्रभावी औषधे येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत होते, आणि त्याचे मुख्य कारण सुधारलेला आहार होता, असा सिद्धान्त थॉमस मॅककिओन यांनी मांडला. न्यूमोनियावरचे पहिले खरे परिणामकारक रासायनिक औषध, सल्फापायरिडीन, १९३८ साली आले हे खरे. पण इतिहासकार सायमन श्रेटर यांनी १९८८ साली आकडे पुन्हा तपासले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंड संपन्न होत असताना, ब्राँकायटिस आणि न्यूमोनियाचे मृत्यू वाढल्याचे त्यांनी दाखवून दिले. कोळशाचा धूर आणि कोंदट शहरवस्त्या यांची ती किंमत होती. इतर अनेक आजार हटले त्यामागे नगरपालिकांनी पैसा आणि कायदा वापरून केलेली कामे होती, हा श्रेटर यांचा मुद्दा अधिक पटणारा आहे.

अमेरिकेचा आलेख याला पूरक आहे. तिथे १९३९ साली २४,६३७ मुले न्यूमोनियाने मेली होती. १९९६ सालच्या ८०० या आकड्याशी तुलना केली तर ही घट ९७ टक्क्यांची ठरते. पहिली मोठी घसरण पेनिसिलिन आल्यावर झाली. दुसरी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झाली, आणि त्या वेळी कोणतेही नवे चमत्कारी औषध बाजारात आले नव्हते. १९६५ साली गरिबांच्या उपचारांचा खर्च उचलणारी मेडिकेड योजना सुरू झाली होती. त्या घसरणीचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण तेच दिले जाते.

उपचार घरापर्यंत नेले तर समाज श्रीमंत होण्याची वाट पाहावी लागत नाही, याचा जगाला मिळालेला सर्वांत ठोस पुरावा महाराष्ट्रातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या शंभराच्या आसपास गावांत १९८०च्या दशकाच्या शेवटी एक क्षेत्रीय चाचणी केली. काही गावांत आरोग्यसेवक, गावातलेच आरोग्यदूत आणि सुईणी यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्सॅझोल हे स्वस्त औषध द्यायला शिकवले. लोकांनाही या आजाराची लक्षणे समजावून सांगितली. बाकीची गावे तुलनेसाठी होती.

ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाची गती. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतल्या मुलाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, तर न्यूमोनिया धरून चालायचे. ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनेही स्वीकारलेली आहे. त्यासाठी क्ष-किरण यंत्र लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही. पण साठपर्यंत मोजणे निरक्षर सुईणीला अवघड होते. त्यावर गडचिरोलीत मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले श्वासमापक साधन तयार झाले. मणी सरकवत गेले की मूल धोक्यात आहे का ते आकडा न वाचता समजते.

चाचणीचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. वर्षभरानंतर पाच वर्षांखालील हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू एकीकडे ८.१ आणि दुसरीकडे १७.५ होते. या वर्षभरात गडचिरोलीचे दरडोई उत्पन्न वाढले नव्हते, घरे मोठी झाली नव्हती, चुलीही बदलल्या नव्हत्या. निरनिराळ्या देशांतल्या अशा चाचण्या एकत्र तपासल्यावर, गावपातळीवरच्या उपचारांनी पाच वर्षांखालील न्यूमोनियाचे मृत्यू सुमारे ३६ टक्क्यांनी घटतात, असे २००३ साली आढळले.

लसीच्या बाबतीत उत्पन्नाचा अडसर वेगळ्या रीतीने येतो. न्यूमोकॉकसची संयुग्मित लस अमेरिकेत २००० साली आली. ज्या देशांत या जिवाणूने मुले मरत होती, तिथे ती पोचायला दहा ते वीस वर्षे लागली, आणि या दिरंगाईचे मोठे कारण तिची किंमत होते. बांगलादेशाने ती २०१५ साली राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली. भारताने २०१७ साली काही राज्यांपासून सुरुवात केली आणि २०२१ साली ती देशभर लागू केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘न्यूमोसिल’ला २०१९च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि ती गरीब देशांना मात्रेमागे सुमारे दोन डॉलरला उपलब्ध झाली. प्राणवायूचे गणित मात्र पैशापेक्षा व्यवस्थेचे अधिक आहे. पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत प्राणवायूची यंत्रे आणि रक्तातला प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटर बसवल्यावर न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांतले मृत्यू ४.९७ टक्क्यांवरून ३.२२ टक्क्यांवर आले.

म्हणूनच देशाच्या सरासरी उत्पन्नावरून न्यूमोनियाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. युनिसेफच्या अंदाजानुसार २०१८ साली न्यूमोनियाने सर्वाधिक बालमृत्यू नायजेरियात झाले, १ लाख ६२ हजार. भारतात १ लाख २७ हजार. तेलसंपन्न नायजेरियाची लोकसंख्या भारताच्या एक-षष्ठांशाहूनही कमी आहे. भारताच्या आतही तीच विषमता आहे. नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६, महाराष्ट्रात १६ आणि मध्य प्रदेशात ४३ होते. संपन्न देशांतही गरिबांची वस्ती वेगळी पडते. अलास्कातल्या ज्या आदिवासी भागांत घरात नळाचे पाणी नव्हते, तिथे न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त आढळले.

आकडे वाचताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. दर ज्या पाहण्यांवरून काढतात, त्यांत बहुधा आईला विचारलेले असते की गेल्या दोन आठवड्यांत मुलाला खोकल्यासह धाप लागली होती का. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत असे २.८ टक्के मुलांबाबत सांगितले गेले, आणि ताप किंवा अशी लक्षणे असलेल्या मुलांपैकी ६९ टक्के मुलांना दवाखान्यात नेले होते. शिकलेली, दवाखाना जवळ असलेली आई लक्षण लवकर ओळखते आणि सांगते. जिच्या आसपास सगळीच मुले खोकतात तिला त्यात सांगण्यासारखे काही वाटत नाही. त्यामुळे सुधारणा होत असताना नोंदलेला आजार काही काळ वाढलेलाही दिसतो.

विकासाबरोबर न्यूमोनियाचे वयही बदलते. खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाने २०१९ साली जगात सर्व वयांचे मिळून सुमारे २५ लाख लोक मरण पावले. त्यांत मुलांचा वाटा घटत आहे आणि सत्तरीपुढच्या माणसांचा वाढत आहे. जपानमध्ये मुले न्यूमोनियाने क्वचितच दगावतात, पण २०११ साली न्यूमोनिया हे तिथल्या मृत्यूंचे तिसऱ्या क्रमांकाचे कारण बनले. गिळण्याची क्रिया मंदावलेल्या वृद्धांच्या फुप्फुसात लाळ आणि अन्नाचे कण उतरतात, आणि तोंडातले जिवाणू त्यांच्याबरोबर जातात. या प्रकाराची नोंद तिथे २०१७ पासून वेगळी होऊ लागली. तिथल्या अकरा शुश्रूषागृहांत वृद्धांचे दात आणि तोंड जेवणानंतर नियमाने स्वच्छ करून देण्याचा प्रयोग झाला होता. दोन वर्षांत न्यूमोनिया झालेल्यांचे प्रमाण अशी देखभाल न मिळालेल्यांत १९ टक्के आणि मिळालेल्यांत ११ टक्के निघाले. केरळ आणि महाराष्ट्रात साठीपुढच्यांची संख्या वाढत चालली आहे, आणि गडचिरोली-मेळघाटातला बालन्यूमोनिया अजून संपलेला नाही. त्यामुळे इथल्या आरोग्यव्यवस्थेला आयुष्याच्या दोन्ही टोकांचा न्यूमोनिया एकाच वेळी हाताळावा लागत आहे.